काळ्या धोप्याचे कांदे

बाभुळगावला मास्तर झालो, तेव्हा अंगणात अळू, म्हणजे आमच्याकडचा धोपा, लावायचा होता. काळ्या पानांचा धोपा मला एका म्हातारीच्या न्हाणीमागे दिसला, अर्धा सुकलेला. मी लावायला त्याचे कांदे, म्हणजे मातीतले गड्डे, मागितले.

"मास्तर, घरी आंघोळ करणारे किती?"

"पोरं धरून सहा."

"मंग सारेच न्या."

"थोडे तुम्हाला राहू द्या."

"कायले? न्हाणीच्या पाण्यावर वाढते तो. माह्या घरचे पाच पटकीत गेले. एकलीच्या पाण्यावर नाही जगत."

तिने बोटांनी उकरून सगळे कांदे दिले.

पोळ्याच्या सुमारास ती धोपा पाहायला आली. पाने सुपाएवढी झाली होती. ती मात्र त्यांच्याकडे पाठ करून बसली आणि आमच्या न्हाणीतला पोरांचा आरडाओरडा थांबेपर्यंत ऐकत राहिली.