रिकाम्या माळावरचं लसूणगवत

जेसीबी माळावर पोचला तेव्हा मी डबक्याच्या काठावर उकिडवा बसून एक पान सोलत होतो. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी हातानंच थांब म्हटलं आणि आरएफओ साहेबांना, म्हणजे आमच्या वनक्षेत्रपालांना, फोन लावला.

हा माळ येलदरीच्या वरच्या अंगाला आहे. मी तिथला वनपाल. माळावर वनतळं घ्यायचं ठरलं होतं. जंगली जनावरांना पाणी मिळावं म्हणून खोदतात ते तळं. जागेची पाहणी मीच मे महिन्यात केली होती. नुसता काळा खडक आणि मधे कोरडी खळगी. 'वनस्पती नाही' असं लिहून, सही ठोकून मोकळा झालो. फॉर्म भरण्यात ऑफिसात माझा हात कोणी धरत नसे.

त्या दिवशी, ऑगस्टमध्ये, जेसीबीच्या आधी चुन्यानं आखणी करायला आलो, तर खळगीत वीतभर पाणी आणि त्यात हिरवं गवत. काठावर सखूबाई मेंढ्यांना पाणी पाजत होत्या. साठीच्या असतील, याच माळावर जन्म गेलेला. मी चुना टाकत गवतात शिरलो तशा म्हणाल्या, "साहेब, त्याच्यात पाय नका घालू. लसूणगवत हाय ते."

गवत ते गवतच, असं मी म्हटलं. त्यांनी एक पान ओढून माझ्या हातावर ठेवलं.

"गवत मधीच तुटतंय. हे बघा, बुडापसून सुटतंय. हे आडवं पडाय लागलं की आमी वळखतो, पाणी आठ दिसाचंच राह्यलंय. मग मेंढरं नदीकडं न्यायची."

पानाचं बूड पांढरं, फुगीर, लसणाच्या पाकळीसारखं. नखानं फोडलं तर आत रव्यासारखे दाणे. ट्रेनिंगमध्ये एका सरांनी हे बाटलीत घालून दाखवलं होतं. क्लबमॉस नावाच्या फार जुन्या वनस्पती असतात. त्यांना ना फूल, ना बी. असलेच बारीक दाणे सांडून त्या वाढतात. हे लसूणगवत म्हणजे आयसोएटिस, त्यांचंच पाण्यातलं भावंड. उन्हाळ्यात पानं वाळून जातात आणि कंद चिखलात पडून राहतो. मी मेमध्ये त्यावरूनच चाललो असणार.

मग मी सरळ पोटावर आडवा झालो. खडकाच्या भेगेत मोरशिखा नावाचं नेचं पिसारा उघडून उभं होतं. शेजारी एकाच पानाचं बोटभर नेचं, मधून जीभ काढल्यासारखं. सखूबाईंना ही सगळी माहीत होती. मला लाज वाटली, आणि त्या बाईंचं मनापासून कौतुकही.

साहेब तासाभरानं आले. वयानं लहान, पण काम अडलेलं त्यांना खपत नाही. गवतासाठी मशीन परत पाठवू का, असं त्यांनी विचारलं. शिवाय तळं झालं तर याच मावशींच्या मेंढ्या पाणी पितील, असंही ते म्हणाले. याचं उत्तर सखूबाईंनी दिलं.

"खडक अखंड हाय म्हणून पाणी थांबतंय, साहेब. फोडला की समदं खाली जाईल. तळं खाली वढ्याच्या वळणाला घ्या. तितं माती लय चिकट हाय."

साहेब त्यांच्याबरोबर ओढ्यापर्यंत जाऊन आले. आल्यावर मला म्हणाले, "जागा बदलू. पण पहिली पाहणी चुकीची होती, असं तुमच्या सहीनं लेखी लागेल."

माझं प्रमोशन तोंडावर आलं होतं. हात जरा थबकला, खोटं कशाला सांगू. मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: पाहणी कोरड्या दिवसांत केली, जागेवर वनस्पती आहेत, चूक माझी.

तळं ओढ्याच्या वळणाला झालं आणि पाणी धरून आहे. मला मेमो मिळाला, आणि प्रमोशनच्या यादीत नाव आलं नाही. डबकं मात्र जागच्या जागी आहे.

नव्या फॉर्ममध्ये 'वनस्पतींची ओळख कोणी पटवली' असा रकाना होता. तिथं मी सखूबाईंचं नाव घातलं. क्लार्कनं विचारलं, त्यांचं शिक्षण काय लिहू?

म्हटलं, लिहा, 'जागा तिन्ही ऋतूंत पाहिलेली'. मी एकाच ऋतूत पाहिली होती.