खिडकीकडचा गाल

मोटार शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकताई म्हणत. शिकाऊ माणसाच्या शेजारी त्या बसत आणि त्यांच्या पायाखाली आणखी एक ब्रेक असे. समोर कुत्रं येवो की भिंत, ताईंचा आवाज चढत नसे, पाय तेवढा खाली जाई. मग म्हणायच्या, "थांबलीय गाडी. आता का थांबली ते बघू." हा 'का' त्यांच्या जिभेवरच बसलेला. माहेरी त्यावरून बोलणी खाल्ली होती, सासरी मात्र तो खपून गेला.

परवान्याच्या नूतनीकरणासाठी त्यांनी फोटो काढला, तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. एक गाल जरा सावळा दिसत होता आणि त्यावर करडे डाग होते. दुसरा गाल स्वच्छ. फोटोवाल्याचा दिवा तिरका असेल म्हणून त्यांनी पुन्हा फोटो काढायला लावला. तोही तसाच आला. घरी आरशासमोर त्या डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या. काळवंडलेला होता तो गाडीच्या खिडकीकडचा गाल.

"पण मी तर रोज लावते," त्या नणंदेला फोनवर म्हणाल्या. नणंद सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात कामाला होती. तिनंच ती त्वचेच्या रंगाच्या क्रीमची ट्यूब दिली होती. चेहरा एकसारखा दिसतो आणि ऊनही लागत नाही, असं तिचं म्हणणं. ट्यूबवर 'एसपीएफ ३०' असा ऊन अडवण्याचा आकडा ठळक छापलेला होता.

"वहिनी, माल चांगला आहे," नणंद म्हणाली. "किती लावतेस?"

"वाटाण्याएवढं."

"मग बरोबर लावतेस की. त्याहून जास्त लावलं तर थापल्यासारखं दिसतं."

सासरे तिथंच पेपर वाचत होते. त्यांचं आयुष्य इमारतींचे नकाशे काढण्यात गेलेलं. उमेदीच्या काळात त्यांनी निळे नकाशेही काढले होते. खास कागदावर रेघांचा नकाशा ठेवून उन्हात धरायचा. ऊन लागेल तिथं कागद निळा होतो, झाकलेला भाग धुतल्यावर पांढरा निघतो. निवृत्त झाल्यापासून मात्र ते दिवसभर खुर्चीत असत आणि फारसं बोलत नसत.

पेपर खाली ठेवून ते म्हणाले, "सूनबाई, भांडताय कशाला? कागदालाच विचारू."

तो कागद आता छंदाच्या वस्तूंच्या दुकानात मिळतो, हे कळल्यावर ते स्वतः जाऊन घेऊन आले. भिंतीवरच्या एका फोटोची काच काढली. काचेवर त्यांनी पट्टीनं चौकोन आखले. एक रिकामा ठेवला. एकावर ताईंनी रंगीत क्रीम रोज लावतात तसं पुसटसं लावलं, शेजारी तेच दाट लावलं. पुढे घरात पडून असलेल्या साध्या, बिनरंगी सनस्क्रीनचा दाट थर दिला.

"बाबा, सनस्क्रीनचाही पातळ चौकोन हवा," ताई म्हणाल्या. "नाहीतर एक तुपाशी आणि दुसरा उपाशी असं होईल."

सासऱ्यांनी खुशीत आणखी एक चौकोन आखला. काचेखाली कागद सरकवून दोघं गॅलरीत उकिडवी बसली. नंतर कागद पाण्यात बुडवला. रिकामा चौकोन गर्द निळा निघाला. पातळ क्रीमचा चौकोन निळसर, पातळ सनस्क्रीनचाही निळाच. म्हणजे दोष ट्यूबचा नव्हता, हात आखडता होता. दाट चौकोन फिके निघाले, पण त्यातही रंगीत क्रीमचा जास्त पांढरा होता. सनस्क्रीनच्या चौकोनावर निळी झाक होती.

"म्हणजे रंगीतच सरस की," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी रंगीत क्रीम दाट लावलं. पहिल्या तासाचे विद्यार्थी, एक बँकेतले साहेब, गाडी सुरू करायचीच विसरले.

"ताई, तब्येत बरी आहे ना?"

"का हो?"

"नाही, नाटकात वगैरे काम करता का, असं विचारणार होतो."

दुपारपर्यंत घामाचे ओघळ येऊन चेहऱ्याचाच नकाशा झाला. संध्याकाळी त्या निळा कागद घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरबाईंनी आधी गाल पाहिला, मग कागद उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला.

"हा रंगीत चौकोन इतका पांढरा कसा निघाला, तेच मला समजत नाही," ताई म्हणाल्या.

"कारण हा कागद डोळ्यांना दिसणाऱ्या निळ्या उजेडानंही रंगतो," डॉक्टर म्हणाल्या. "साधी सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही. रंगीत क्रीममध्ये लोहाचे रंग असतात, ते अडवतात. तुमच्यासारखे डाग त्या उजेडानंही गडद होतात. पण कागद म्हणजे कातडी नव्हे, त्यावरून एसपीएफ ठरवू नका."

"आणि गाडीची काच?"

"चटका देणारे किरण काच बरेचसे थोपवते. काळवंडवणारे मात्र बाजूच्या काचेतून आत येतात."

"मग मी नक्की लावायचं काय?"

"दोन्ही. आधी सनस्क्रीन, चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढी. ट्यूबवरचा आकडा तेवढ्या भरपूर थराचा असतो. वाटाण्याएवढ्यात तो मिळत नाही. ती मुरली की वर तुमचं रंगीत क्रीम, हवं तेवढं. दुपारी पुन्हा लावायचं."

नणंदेला हे सांगितलं तेव्हा ती आधी थोडी फुगली. मग म्हणाली, "म्हणजे माझी ट्यूब बाद नाही झाली." पुढं दुकानात गिऱ्हाईकांना ती दोन्ही वस्तू दाखवू लागली आणि बोटं पुढं करून मापही सांगू लागली.

ताई आता दुपारी गाडी सावलीत लावतात, चेहरा पुसतात आणि पुन्हा सनस्क्रीन लावतात. विद्यार्थी ताटकळतात, पण कुणी तक्रार करत नाही. डाग पुष्कळ फिकट झाले आहेत. गेले नाहीत, आणि जातील असं डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलेलं नाही.

सासऱ्यांना मात्र आता दिवस पुरत नाही. कागदावर ठेवून छत्रीचं कापड तपासून झालं, टोपी झाली, खिडकीचा पडदा झाला. परवा ताई घरी आल्या तर गॅलरीत कागद उन्हात होता आणि त्यावर नवऱ्याचा नवाकोरा शर्ट पसरलेला.

"विचारलंत का त्यांना?" ताईंनी हळूच विचारलं.

"निकाल लागू दे," सासरे म्हणाले, "मग विचारू."

ताईंनी पर्स खाली ठेवली आणि बघायला शेजारी बसल्या.