किटली घेऊन पळणारी बाई

आमच्या वस्तीवर बाईमाणूस रिकाम्या हाताने वाटेला लागलं की चार जण विचारणारच, कुठे निघालीस म्हणून. हातात हंडा असो, विळा असो, भाकरीचं फडकं असो, पण काहीतरी हवंच. नुसती तब्येतीसाठी पळणारी बाई म्हटल्यावर ओतूरच्या बाजारात लोक पोट धरून हसले असते.

डॉक्टरांनी मला साखर असल्याचं सांगितलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि अंगानेही चांगली भरले होते. रोज सकाळी भरभर चाला, जमेल तेवढं पळा, म्हणाले. गोळ्यांचं काही वाटलं नाही, पळायचं कसं, हा मात्र प्रश्न पडला. थोरल्या लेकीचं लग्नाचं बघणं चाललं होतं. आईला साखर आहे हे कळलं की पाहुणे पोरीकडेही संशयाने बघणार. म्हणून नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नाही. जुनी दुधाची किटली हातात घेतली आणि कालव्यापलीकडच्या मळ्यात दुधाचा रतीब घालते अशी थाप ठोकून दिली. रिकामी किटली पळताना खडखडायची, म्हणून तिच्यात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. पायात लेकाचे जुने कॅनव्हासचे बूट. कुणी विचारलंच तर टाचांना भेगा पडल्यात म्हणायचं. लाजेने जीव अर्धा व्हायचा, पण हळूहळू दम पुरायला लागला, तेव्हा मनातून बरंही वाटायचं.

त्याच पावसाळ्यात पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली. टीव्हीवर दिवसभर तेच. शाळा बंद झाल्या, माणसं तोंडाला रुमाल बांधून मंचरला जाऊ लागली. साखर असलेल्यांनी जास्त जपायचं, असं टीव्हीवर सांगत होते. मी एक दिवसही पळणं चुकवेना.

कालव्याच्या वाटेवर माझ्या धाकट्या जावेचं घर होतं. सख्खी नव्हे, भावकीतली, पण खुरपणीला गेलो की आम्ही एका फडक्यावर जेवणाऱ्या. तिचा नवरा पुण्याला भाजीचा टेम्पो न्यायचा. तो ताप घेऊन आला. दवाखान्याने गोळ्या देऊन घरातच राहायला सांगितलं, आणि सगळ्या वस्तीने त्या घराकडे पाठ फिरवली. गिरणीवाला त्यांचं दळण घेईना. दूधवालाही जायचा बंद झाला.

मी तेवढी रोज त्यांच्या दारावरून जात होते. तिथे उतार आहे, पाय आपोआप पळतात, अशी मी माझीच समजूत घालायचे. खरं तर त्या दारापाशी मी श्वास रोखून जास्तच जोरात पळायचे. एका सकाळी जाऊ ओट्यावर तांब्या घेऊन उभी होती. तिने हाक मारली नाही, फक्त तांब्या जरासा पुढे केला. दूध मागतेय, हे मी ओळखलं. थांबले असते तर किटली उघडावी लागली असती. मी मान खाली घातली आणि पळत सुटले. घरी गोठ्यात दोन गाई होत्या. परत आल्यावर शेरभर दूध तिच्या ओट्यावर नेऊन ठेवायचं मनात आलं, पण गेले नाही.

तिचा नवरा बरा झाला. गौरींच्या हळदीकुंकवाला मात्र ती माझ्याकडे आली नाही. मला अन्न गोड लागेना. शेवटी एका सकाळी पळता पळता तिच्या दारात थांबले. तोंडाने नीट सांगता येईना, म्हणून किटलीचं झाकण काढून बोळा बाहेर ओढला. यात कधी दूध नव्हतंच, मला साखर आहे, म्हणून पळते, असं कसंबसं सांगितलं. त्या दिवशी तू दूध मागितलंस आणि मी थांबले नाही, हेही सांगितलं.

तिने बोळा हातात घेतला. मग म्हणाली, "आक्का, दूध कुणी मागितलं व्हतं? तांब्यात पाणी व्हतं. तुमी रोज धापा टाकत जायच्या, म्हून घिऊन उभी राह्यले."

मी ओट्यावर बसले. तिने आतून तांब्या भरून आणला. मी तो सगळा प्यायले. ती पुन्हा भरून घेऊन आली, तेव्हा मला मान वर करून तिच्याकडे बघवेना.