कपाटामागचा कोरिया

नगरच्या कॉलेजात एम.ए.ला मला आधुनिक कोरियाचे परराष्ट्र संबंध हा विषय होता. शिकवणारे सर स्वतःच्या विद्यार्थिदशेतली पिवळी वही घेऊन यायचे आणि ती शब्दन् शब्द वाचायचे. वर्गात आशियाचा नकाशा होता, पण त्याच्या पूर्वेकडच्या टोकासमोर लोखंडी कपाट उभं होतं. सर त्या कपाटावर छडी आपटायचे. "कोरिया हाय ह्याच्यामागं. लिवून घ्या, त्यानं जगाला दारं उघडली." आम्ही मेंढरं मुकाट्यानं लिहून घ्यायचो.

एकदा कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार होती, म्हणून भिंतींना रंग लागला आणि कपाट सरकवलं गेलं. सर चष्मा पुसत नकाशाजवळ गेले. "एवढासाच व्हय?" ज्या देशाच्या जिवावर या माणसानं जन्मभर पगार खाल्ला, त्याचं तोंडही त्यानं कधी पाहिलं नव्हतं!

समिती नाश्ता हाणून, उत्तम शेरा देऊन गेली. दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा चौघांना कपाट परत जागेवर ढकलायला लावलं. तोंडी परीक्षेचे गुण त्यांच्याच हातात होते, म्हणून सगळ्यात जास्त जोर मी लावला.