खिशातले खडे

आमच्या भागात मध्यंतरी अशी वेळ आली होती, की संध्याकाळी कुणी कुणाच्या कुंपणाशी चप्पल नीट करायला वाकलं तरी आतून आवाज यायचा, "कोण आहे? शेवटचे का?" कारण कुजबुज अशी होती, की शेवटचे लोकांच्या हिरवळीत खडे पेरत फिरतात. गवत कापताना मशीनचं पातं खड्यावर आपटावं, वाकावं, आणि मालकाने मशीन ढकलत शेवटच्यांच्याच दुकानात आणावी, असा म्हणे त्यांचा बेत होता. अफवा म्हणून ती उत्तम होती, यात वाद नाही. कारण होतं, माणूस होता, वेळ ठरलेली होती, साक्षीदारही होती. खरी आहे की नाही एवढंच तपासायचं राहिलं होतं, आणि ते काम आमच्याकडे कुणीच आपल्या अंगावर घेतलेलं नव्हतं.

शेवटचे हे आडनाव नव्हे. खरं आडनाव चांगलं घरंदाज होतं, पण ते त्यांच्या बायकोखेरीज कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. त्यांचं गवत कापायच्या मशिनींचं दुकान होतं. मागून दांडा धरून ढकलत चालायच्या त्या मशिनी. पुढच्या खोलीत विक्री, मागच्या खोलीत दुरुस्ती. माल एकाच जातीचा ठेवायचे: जाड पोलादी हिरवं कवच, लोखंडी चाकं, आणि दोरी ओढली की खाकरून सुरू होणारं इंजिन. उचलायला दोन माणसं लागायची. गिऱ्हाईक आलं, की कवचावर थाप मारून म्हणायचे, "ही घ्या. ही तुमची शेवटची मशीन." म्हणजे पुन्हा म्हणून विकत घ्यावी लागणार नाही, असं त्यांना म्हणायचं असे. तरण्याताठ्यांना ते कळायचं. पण एकदा निवृत्त हेडमास्तर, छातीच्या दुखण्यातून नुकतेच उठलेले, बायकोचा हात धरून दुकानात आले. शेवटच्यांनी सवयीने थाप मारली.

"मास्तर, ही तुमची शेवटची."

हेडमास्तरीणबाई कडाडल्या, "अहो, जिभेला काही हाड?"

"तसं नाही वहिनी," शेवटचे गडबडले, "म्हणजे ह्यानंतर मास्तरांना लागणारच नाही!"

झालं. त्या दिवसापासून माणसाचं नाव पडलं ते पडलंच. मशीन मात्र मास्तरांनी घेतली, आणि दोघंही टिकले.

शब्दाला जागणारी मशीन होती ती. घेतली बापाने, ढकलतोय मुलगा, असं घराघरात चाललेलं. विकताना शेवटचे नवरीच्या आईसारखे सूचना द्यायचे. कापून झालं की आडवी करा, प्लगची बाजू वर ठेवा, खाली चिकटलेलं ओलं गवत लाकडी पट्टीने खरवडा, लोखंडी पट्टी लावू नका, तेल काळं पडायच्या आत बदला. लोक ऐकायचे, आणि मशिनी चालायच्या. इतक्या चालायच्या, की दुकानात माणूस फिरकेना. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यांच्या मशिनी म्हणजे दिलेल्या घरी सुखात नांदणाऱ्या लेकी. एकीला माहेरची आठवण येईल तर शपथ!" आणि शेवटचे मागच्या खोलीत स्वच्छ पाने-पकडी पुन्हा स्वच्छ पुसत बसायचे.

मुलगा हाताशी आला, त्याला हे बघवेना. त्याने पिवळ्या प्लास्टिकच्या हलक्याफुलक्या मशिनी आणून समोर मांडल्या. एका हाताने उचला, रंगाने डोळे दिपवा. आता खपतील, पुढे बिघडतील, म्हणजे दुरुस्तीचंही काम येईल. हिशेब सरळ होता. फक्त गल्ल्यावर मुलगा असायला हवा होता. एके दिवशी तो जेवायला गेला आणि नेमकं भाड्याच्या घरात नवीनच आलेलं एक जोडपं दुकानात शिरलं.

"अय्या, किती हलकी आहे ही पिवळी!" बायको म्हणाली.

"हलकी आहे खरी," शेवटचे म्हणाले. "दोन हंगाम हलकी राहील. मग मनावर भार होईल."

"मग काय घ्यावं?"

"काही घेऊ नका. तुमच्या घरमालकाच्या पडवीत जुनी हिरवी मशीन असेल बघा."

"ती बंद पडलीय."

"बंद कसली पडतेय! पेट्रोल शिळं झालं असेल."

आणि दुकान वहिनींवर टाकून हे गेले त्यांच्या घरी. टाकी रिकामी केली, प्लग घासला, ताजं पेट्रोल घातलं, दोरी ओढली. मशीन खाकरली. जोडप्याने टाळ्या वाजवल्या. परत आले तर मुलगा दारात उभा.

"बाबा, एक विचारू? तुम्ही दुकान चालवताय की मशिनी?"

शेवटच्यांनी हात पुसले.

त्याच दिवशी मुलाने निर्वाणीचं सांगितलं. हा एक हंगाम. मागच्या खोलीत काम आलं तर दुकान राहील. नाही आलं तर शटर ओढायचं, मामाच्या गोदामात त्याने नोकरी धरायची, आणि आईबाबांनी त्याच्या मागे परगावी जायचं. बोलला तो मऊपणानेच. पोरगं वाईट नव्हतं. पण शेवटच्यांचं बिऱ्हाड दुकानाच्या माडीवर, उठणं-बसणं दुकानात, आणि बोलणं म्हणाल तर मशिनींखेरीज दुसऱ्या कशाबद्दल त्यांना धड बोलताच यायचं नाही. दुकान गेलं तर ह्या माणसाचं करायचं काय, हा प्रश्न वहिनींना झोपू देईना.

अशात पोस्टातल्या बाईंनी ते पाहिलं. बाई नोकरीभर खिडकीच्या आत बसल्या, निवृत्त झाल्यावर घरच्या खिडकीत बसल्या. सवय जाते कुठे? त्यांना दिसलं, की शेवटचे संध्याकाळी फिरायला निघतात, कुणाच्याही उघड्या फाटकातून हळूच आत जातात, गवतात वाकतात. हात गवतात जातो, हात खिशात जातो, आणि स्वारी पुढच्या घराकडे. बाईंनी शेजारणीकडे खडा टाकून बघितला. शेजारणीच्या नवऱ्याची दाढी दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये झाली. सलूनमधून गोष्ट बाहेर पडली तेव्हा ती अंघोळ करून, भांग पाडूनच पडली. हात आधी गवतात गेला की आधी खिशात, हे कुणी विचारलं नाही. एवढ्या बारीकसारीक गोष्टींत शिरलं तर गप्पा कशा व्हायच्या?

त्यात शेवटच्यांनीच पुरावा आणून दिला. सलूनच्या खुर्चीत बसायला म्हणून वळले, विजारीचा खिसा खुर्चीच्या दांड्याला अडकला, टर्रकन फाटला आणि फरशीवर खडेच खडे. गोटे, खडी, विटेचा एक तुकडा, गंजका नट. एक गोटा घरंगळत थेट सलूनवाल्याच्या पायाशी जाऊन थांबला. कात्री थांबली.

"काय हो शेवटचे," सलूनवाला म्हणाला, "घर बांधायला काढलंत?"

"नाही, ते आपलं... सापडले."

"कुठे?"

"असेच. वाटेत."

"बरं बरं. आम्हाला कधी सापडत नाहीत ते!"

हशा झाला. शेवटचेही हसले, कारण सगळे हसत असताना काय करायचं हे त्यांना कधीच कळलं नाही. खाली वाकून एकेक खडा गोळा केला, रुमालात बांधला आणि केस न कापताच घरी गेले. लोकांच्या दारात न विचारता शिरतो हे कबूल करायची त्या माणसाला लाज वाटली असणार. पण लाजेने लाल झालेलं तोंड आणि चोरी पकडल्यावर लाल झालेलं तोंड, ह्यांत आजवर कुणाला फरक करता आलाय?

आठवड्याभरात गल्लीतल्या फाटकांना कुलपं लागली. पहिलं लावलं हेडमास्तरीणबाईंनी. मग कुणी कुंपणाच्या दारावर तार गुंडाळली, कुणी घंटी बांधली. शेवटचे संध्याकाळी निघायचे, एका फाटकाशी थांबायचे, दुसऱ्याशी थांबायचे, वरून आतल्या गवताकडे बघायचे आणि परत यायचे. पोस्टातल्या बाई खिडकीतून समाधानाने मान हलवायच्या.

आणि मग हेडमास्तरांचीच मशीन गेली. जोराचा वारा झाला होता, शेजारच्या गच्चीच्या कठड्याचे दगड निसटून मास्तरांच्या गवतात पडले होते. गवत वाढलेलं, दिसणार कसे? मास्तर नेहमीप्रमाणे मशीन ढकलत निघाले आणि कुंपणाजवळ असा काही आवाज झाला, की पोस्टातल्या बाई अर्ध्या खिडकीबाहेर आल्या. आवाजानंतर मशीन गप्प झाली ती झालीच.

"पण कुलूप होतं की हो फाटकाला," शेजारीण म्हणाली.

"म्हणून तर!" बाई म्हणाल्या. "आत येऊ दिलं नाही म्हणून चिडून बाहेरून फेकला मेल्याने."

मास्तर स्वतः मशीन घेऊन दुकानात आले. मागे आठ-दहा रिकामटेकडे होतेच. शेवटच्यांनी मशीन आडवी केली, प्लगची बाजू वर ठेवली, पातं काढलं आणि पातं फिरवणारा आतला दांडा बोटाने फिरवून पाहिला. दांडा वाकला होता. त्या जातीचा दांडा बनवणं कारखान्याने कधीच बंद केलं होतं. ते स्टुलावर बसले. मशीनच्या कवचावर हात ठेवला, पण थाप मारली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बघा, मन खातंय," मागून कुणीतरी म्हणालं.

मास्तर म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात, ही शेवटची. मी आहे अजून. ती गेली."

"मास्तर, मी सरळ करून बघतो. आठवडाभर द्या मला."

"नको. तिकडे चौकात पिवळ्या मिळतात म्हणे. तुमच्याकडून घ्यायची माझी आता छाती नाही."

छातीच्या दुखण्याच्या माणसाने हे म्हटलं, पण त्या वेळी कुणाला हसू आलं नाही. मशीन तिथेच टाकून मास्तर निघून गेले. शेवटच्यांनी तो दांडा तापवला, ठोकला, पुन्हा तापवला. सरळ दिसायचा, मशीन सुरू केली की सगळं अंग थरथरायचं. पाच मिनिटांत बंद करावी लागायची. त्यांनी ती रोज सुरू केली आणि रोज बंद केली.

पुढचं वहिनींनी सांगितलेलं आहे. त्या चहा घेऊन जिन्यावरून उतरत होत्या. मुलाने शटर अर्धं ओढलं होतं. म्हणाला, "बाबा, खरं सांगा. खडे तुम्ही टाकत होतात?"

शेवटचे काही बोलायच्या आत तोच पुढे म्हणाला, "मी रागावलो नाही हो. चूकच आहे ते, गावभर नाचक्की झाली. पण मी रात्रभर विचार करत होतो. मी म्हणत आलो, बाबांना दुकानाचं काही पडलेलं नाही. बाबांना फक्त मशिनी. आणि तुम्ही, तुमच्या स्वभावाचा माणूस, दुकान राहावं म्हणून, मी इथे राहावं म्हणून, हे असलं करायला निघालात..." बापाच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. लहानपणानंतर बहुधा पहिल्यांदाच.

वहिनी पायरीवरच थांबल्या. त्यांना वाटलं, आता हे बोलतील. शेवटच्यांनी तोंड उघडलं, मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "हं."

एवढंच. वहिनींच्या हातातला चहा निवला. "मी ओरडणार होते," त्या म्हणाल्या, "पण भावजी, कुणासाठी ओरडू? एकाचं खरं वाचवायला गेले तर दुसऱ्याचा बाप जाणार."

हंगाम संपायच्या आत शटर उतरलं. पिवळ्या मशिनी चौकातल्या दुकानदाराने नेल्या, हिरव्यांना भंगारवालासुद्धा कुरकुरत आला, फार जड म्हणून. मास्तरांची मशीन त्याच गाडीत गेली. सामान भरताना पोस्टातल्या बाई खिडकीत होत्या, सलूनवाला हातात फणी घेऊन दारात होता. शेवटच्यांनी सगळ्यांना हात केला. काहींनी परत केला.

मुलाने घेतलेलं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली फरसबंदी, वर सिमेंट, नजर जाईल तिथवर गवताची काडी नाही. तिथे मुलगा पाहुण्यांना हसत हसत सांगतो, "आमचे बाबा दिसतात साधे, पण दुकान चालावं म्हणून लोकांच्या गवतात खडे टाकायचे!" पाहुणे हसतात. मुलाच्या आवाजात कौतुक असतं, अगदी मनापासूनचं. शेवटचे सोफ्याच्या कडेला बसून हसतात. वहिनी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडतात.

शेवटचे खडे टाकत नव्हते. पात्याला लागू नयेत म्हणून वेचत होते.