उसनी दुखणी

"सांगतो, आज मले काय होते!"

केसपेपरच्या खिडकीवर दोन्ही हात टेकवून मास्तर अशी सुरुवात करायचे आणि रांगेतली माणसं कान टवकारायची. कारण या गृहस्थाला सोमवारी खोकला, बुधवारी लघवीची जळजळ आणि शुक्रवारी मूळव्याध असायची. तब्येत म्हणाल तर ठणठणीत. इंझोरीहून सायकल हाणत यायचे आणि धापसुद्धा लागलेली नसायची.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. सत्तरच्या दशकात मानोऱ्याच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, साताऱ्याकडून नवाच आलेला. केसपेपर, गोळ्या, सुया, सगळं माझ्याच गळ्यात. उजवीकडे पुरुषांची रांग, डावीकडे बायकांची.

"मास्तर, सगळ्या मुलखाचे रोग तुम्हीच घेतले तर आमच्याकडे येणार कोण?" मी चिडवायचो. मशीनवर वाकून पोक आलेली पाठ जरा ताठ करून ते हसायचे.

बिंग फुटलं ते डॉक्टरांसमोर. "खोकल्यातून रक्त पडतं का?" असं त्यांनी विचारलं. मास्तर गडबडले आणि म्हणाले, "थांबा, इचारून सांगतो." डॉक्टरांना तो वेंधळेपणा वाटला, ते हसून बेजार झाले. मला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. मी मास्तरांना बाहेर पिंपळाखाली गाठलं.

"खोकला शेवंताले हाय," ते खालच्या आवाजात म्हणाले.

शेवंता मुलगा म्हणून जन्माला आली आणि कळायला लागल्यापासून लुगड्यात वावरली. घरच्यांनी हाकलल्यावर गावाबाहेर झोपडीत राहायची. तिची चोळी शिवायला दुसरा शिंपी तयार नव्हता, मास्तर शिवायचे. तिच्यासारखी आणखी चार-पाच जणं आजूबाजूच्या गावांत होती. एक खडी गमतीच्या फडात, तमाशासारख्या खेळात, बाईच्या वेषात नाचणारा. दोन गडी, एकमेकांवर जीव लावून राहणारे. दवाखान्याची पायरी यातलं कुणी चढत नव्हतं. मास्तर त्यांची दुखणी विचारून घ्यायचे, सायकलवर पाठ करत यायचे आणि स्वतःच्या नावावर औषध न्यायचे.

"अहो, पण त्यांनाच का नाही आणत?"

"शेवंता आली व्हती ना, साहेब. तुमीच इचारलं तिले, बाप्या लिहू का बाई लिहू? पुरी लाईन हासली."

मला आठवलं. मी तो प्रश्न मोठ्यानं विचारला होता. लोक हसताहेत म्हटल्यावर पुन्हा एकदा विचारला होता.

"तुम्ही कशाला हे अंगावर घेता?" विषय बदलावा म्हणून मी म्हणालो.

"छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच्या आंधी आमी समद्या गावाच्या भाईरच उभे राहत व्हतो. भाईर उभं राहनं काय असते, मले ठाव हाय."

त्या दिवसापासून मी त्यांना शिकवायला लागलो. ताप संध्याकाळी येतो का, किती दिवसांपासून, भूक लागते का. मास्तर हुशार विद्यार्थी. नाचणाऱ्याच्या पायाचा चिघळलेला फोड बरा झाला तेव्हा मला बक्षीस मिळाल्यासारखा आनंद झाला. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

मग त्यांनी बाटलीतून शेवंताचा बेडका आणला. तपासणीत क्षय निघाला आणि क्षयाच्या रजिस्टरात नाव चढलं ते मास्तरांचं. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर सुयाही लिहिल्या आणि पहिल्या सुईला स्वतः समोर उभे राहिले. काय सांगू तुम्हाला, मी त्या धडधाकट माणसाच्या दंडात सुई टोचली आणि त्यांनी निमूट टोचून घेतली.

बाहेर आल्यावर दंड चोळत म्हणाले, "गोया नेता येतात, साहेब. सुई कशी नेऊ? तुमी एक डाव चला ना तिच्याकडं. नाही तं दुपारी दवाखाना बंद झाला का मी मांगच्या दारानं आणतो तिले."

"बघू," मी म्हणालो.

माझं लग्न ठरत होतं. शेवंताच्या झोपडीत शिरताना कुणी पाहिलं तर काय बोलतील, याची मला धास्ती होती. या आठवड्यात डॉक्टर इथंच आहेत, पुढच्या आठवड्यात मी गावाला जातोय, अशी कारणं देत राहिलो. मास्तर दर सोमवारी गोळ्या न्यायला यायचे. दुखणं सांगायचं त्यांनी सोडून दिलं होतं. नुसते माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "बघू."

इकडे मास्तरांना क्षय झाल्याची बातमी गावभर झाली. लोक कपडे दुसरीकडे टाकायला लागले. चहाच्या हॉटेलात त्यांचा कप वेगळा ठेवला गेला. त्यांच्या वडिलांचा कपही एके काळी वेगळाच असायचा. मास्तरांनी कुणाला खरं सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, मीही सांगितलं नाही.

होळीनंतर एका दुपारी ते आले तेव्हा खिडकीवर कुणी नव्हतं.

"शेवंता गेली."

मी केसपेपरचा गठ्ठा बाजूला सारला.

"कोतवालानं बापानं ठेवलेलं नाव लिवून नेलं. त्या नावानं तिले कोनीच हाक मारत नव्हतं. साहेब, तुमच्या त्या रजिस्टरात माह्या नावापुढं 'मरन पावला' लिवा. त्या कागदावरचा आजार तिचा व्हता. मरनबी तिचंच लिवा."

"अहो मास्तर, तुम्ही जिवंत आहात! सरकारी कागद आहे तो."

"बरं," ते म्हणाले आणि सायकल हातानं ढकलत गेले. त्यानंतर ते दवाखान्यात आले नाहीत, दुसऱ्याच्या दुखण्यासाठीही नाही आणि स्वतःच्याही नाही. ती चार-पाच माणसं पुढं कुठं गेली, कशी जगली, मी कधी विचारलं नाही.

महिनाअखेरीला रजिस्टर पुरं करायचं होतं. मास्तरांच्या नावापुढचा रकाना रिकामा होता. मी टाक उचलला आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'रुग्णाने उपचार अर्धवट सोडले.'