भोईर सरांच्या निरोपाचं मानपत्र

भोईर सरांचे किस्से मी कधी जमवायला बसले नाही. स्टाफरूममध्ये चहा आला की कोणीतरी एक काढतं, दुसरं कोणी त्याला आणखी एक जोडतं, आणि बेल होईपर्यंत ढीग झालेला असतो. सगळे हसतात. माझा मात्र हसता हसता तिळपापड होतो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावेत.

सर म्हणजे प्रा. हरिश्चंद्र भोईर. उरणकडचे, कवी. नेरूळच्या आमच्या कॉलेजात मराठी शिकवायचे आणि राहत्या फ्लॅटच्या हॉलमधून 'खाजण प्रकाशन' चालवायचे. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. "तिथं सहज काय पिकत नाय, पन आमी पेरतो!" म्हणायचे. मी मुकादम, भूगोलाची, त्यांच्या शेजारच्या टेबलावरची. यंदा सर रिटायर होणार होते, आणि मॅनेजमेंटने आधीच ठरवून टाकलं होतं की त्यांची जागा भरायची नाही. विभागात ते एकटेच. म्हणजे सर गेले की मराठीचा वर्ग बंद! सरांना स्वतःच्या निवृत्तीचं काहीच नव्हतं. झोप उडाली होती ती या वर्गापायी.

*

त्यांच्या सोसायटीने त्यांना नोटीस काढली. राहत्या घरात पुस्तकांचं गोडाऊन केलंय, हा कमर्शियल वापर आहे, बंद करा.

आता त्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर ब्यूटी पार्लर, तिसऱ्यावर कोचिंग क्लास. त्यांना नोटीस नाही! सर मीटिंगमध्ये उठले आणि नेमकं हेच विचारलं.

सेक्रेटरी म्हणाले, "सर, पार्लरला बायका येतात, क्लासला पोरं येतात, आम्हाला दिसतं. तुमच्याकडे एवढी पुस्तकं, पण गिऱ्हाईक कोण येतं तेच कळत नाही. डाउट येणारच ना!"

सर शांतपणे म्हणाले, "तेच तर माझं पण टेन्शन आहे!"

*

एकदा मात्र गिऱ्हाईक आलं. उलव्याला नवा फ्लॅट घेतलेलं जोडपं. मी पार्सलं बांधायला गेले होते, तेव्हा समोरच होते. बाईंनी मोबाइलवर वॉल युनिटचा फोटो दाखवला आणि म्हणाल्या, "एवढा एक रॅक भरायचाय. इंटिरियरवाला म्हणतो बुक्स छान दिसतील. क्रीम कलरची मिळतील का?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "कविता चालतील?"

"काहीही चालेल हो. आतून कोण बघतंय!"

सरांनी एकही पुस्तक दिलं नाही. मी म्हटलं, अहो, खपली तरी असती! तर माझ्यावरच उखडले, "बाई, माझे कवी काय पडदे हायेत काय?"

चिडले की सर गावच्या बोलीत शिरत. वर्गात शिकवताना चोख प्रमाण मराठी.

*

कॉलेजात एक पाहुणे आले होते, कसल्याशा समितीवरचे. मी त्यांना विभागांची माहिती दिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान डोलावत म्हणाले, "मुकादम मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो! तुमच्यात असं सहसा ऐकायला मिळत नाही."

आमच्यात, म्हणजे मुसलमानांत! माझ्या पणजोबांच्या आधीपासून आम्ही रायगडच्या किनाऱ्यावर राहतोय. घरात भांडतोसुद्धा मराठीतच.

मी काही बोलण्याआधी पाहुणे सरांकडे वळले. "तुमच्या कविता वाचल्या. भावना चांगल्या, पण भाषा जरा गावठी वाटते."

सर म्हणाले, "सायेब, आमची दोगांची गावं लागून हायेत. एकाच बावडीचं पानी पिलोय आमी. आता ठरवा, पानी चांगलं का वाईट!"

पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला.

*

सगळ्यात संताप आला तो मराठी भाषा दिनाला. सकाळी सर वर्गावर गेले, तर वर्गात आरसे, पिना आणि रंगीत कापडाचे ढिगारे! प्राचार्य म्हणाले, "सर, आजचा तास कॅन्सल करा. मुलांना फेटे बांधायला रूम हवी आहे."

मराठीच्या दिवसासाठी मराठीचा तास रद्द! सर मुलांना घेऊन जिन्यावर बसले आणि तिथेच शिकवलं. जवळच्या शिरवणे गावातली एक मुलगी फेटा बांधून झाल्यावर धावत आली आणि फेट्यासकट शेवटच्या पायरीवर बसली.

संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष आले. मायबोली टिकलीच पाहिजे, असं भाषण त्यांनी छाती फुगवून वाचलं. ते भाषण सरांनीच लिहून दिलं होतं. अध्यक्षांची सगळीच मराठी भाषणं सर लिहून द्यायचे. वर्ग बंद करणारा हाच माणूस, आणि सर त्यालाच भाषणं पुरवतात! मी भडकले.

सर म्हणाले, "चांगले वाचतात ते. हातात दिलं की एका दमात वाचतात. मधे कुठे थांबून विचार करत नाहीत."

*

मग निरोप समारंभ ठरला. आमच्याकडे रीत अशी की निवृत्त होणाऱ्याला फ्रेममध्ये घातलेलं मानपत्र द्यायचं, खाली अध्यक्षांची सही, आणि सभेत ते अध्यक्षांनीच वाचायचं.

प्राचार्य स्टाफरूममध्ये आले. "सर, मानपत्राचा मजकूर तेवढा देता का? इथे तुमच्याशिवाय मराठी लिहिणारं दुसरं आहे कोण!"

ज्या माणसाची जागा नकोशी झाली, त्यालाच त्याचं कौतुक लिहायला सांगताना यांची जीभ कशी रेटली! मी काही बोलणार, तेवढ्यात सर म्हणाले, "देतो की. कधीपर्यंत हवंय?"

त्या दिवशी मी सरांशी बोललेच नाही. इतकं कसलं सोसायचं?

मजकूर गेला, छापून आला, सही झाली, फ्रेम झाली. मधे कोणी वाचलाच नाही. वाचणार कोण?

समारंभाला हॉल गच्च भरला. आजी-माजी विद्यार्थी, त्यांचे आईवडील, उरणहून सरांची माणसं, स्थानिक पेपरचा एक वार्ताहर. अध्यक्षांनी फ्रेम हातात धरून खणखणीत आवाजात सुरुवात केली. ज्ञानाची अखंड साधना, विद्यार्थ्यांवरील निर्व्याज प्रेम, सगळं नेहमीचं. मी खाली मान घालून बसले होते.

"...आपल्यामागे हा वर्ग ओस पडू नये, ही आपली तळमळ आम्ही जाणतो. म्हणून आम्ही, या संस्थेचे अध्यक्ष, जमलेल्या विद्यार्थी आणि पालकांच्या साक्षीने शब्द देतो की, येत्या जूनपासून आपल्या जागी पूर्णवेळ प्राध्यापक नेमला जाईल आणि मराठीचा वर्ग..."

इथे पहिल्यांदाच अध्यक्षांचा आवाज अडला. त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य पंख्याकडे बघत होते.

पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. शिरवण्याची ती मुलगी खुर्चीवर उभी राहून शिट्टी वाजवत होती. वार्ताहर फोटो घेत होता. अध्यक्षांनी घाम पुसला, ओठांवर हसू आणलं आणि उरलेलं वाक्य वाचलं, "...अखंड चालू राहील."

सर उत्तराला उठले. म्हणाले, "माझ्या मनातलं सगळं साहेबच बोलले. मी काय बोलू!" आणि बसले.

निघताना शिपाई फ्रेम गाडीत ठेवायला घेऊन आला. सरांनी ती परत त्याच्या हातात दिली.

"घरी नको. इथं ऑफिसात लाव, दारासमोर. खाली सायबांची सही हाय."